सेविकेला शिकवण्याआधी तिला वेळ द्या

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिकणे नीट होत नाही, कारण सेविकांना शिकवता येत नाही. तेव्हा त्यांना प्रशिक्षण द्या, म्हणजे प्रश्न मिटला. हे विधान गेल्या काही वर्षांत परिषदांतून, परिपत्रकांतून आणि अग्रलेखांतून इतक्या निर्धास्तपणे केले जाते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याला अधिकृत रूप दिले. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षभराची पदविका, आणि हे सारे डीटीएच वाहिन्यांवरून व स्मार्टफोनवरून, म्हणजे चालू कामात फारसा खंड न पाडता; महिन्यातून किमान एक वर्ग तेवढा समोरासमोर. मे २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने ‘पोषण भी पढाई भी’ ही मोहीम सुरू केली आणि सेविकांसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण आखले. पुढच्या वर्षी ‘आधारशिला’ आणि ‘नवचेतना’ हे दोन आराखडे आले. महाराष्ट्रात त्याआधीपासून ‘आकार’ हा अभ्यासक्रम आहेच. तेव्हा अभ्यासक्रमांची वाण नाही, पुस्तिकांची नाही आणि उद्घाटनांची तर नाहीच नाही. माझा आक्षेप या पुस्तिकांतल्या मजकुराला नाही. तो बराचसा चांगला आहे. आक्षेप निदानाला आहे. सेविकेच्या कौशल्यात उणीव असेलही, पण त्याआधी तिच्यापाशी वेळ नाही, दुसरे हक्काचे माणूस नाही, आणि लहान मुलांचे शिकणे ओळखणारा वरिष्ठ नाही. या तीन गोष्टींना हात न लावता दिलेले प्रशिक्षण बहुतांशी वाया जाते. शिवाय त्याने एक सोय होते: पुढे काही बिघडले की ‘प्रशिक्षण दिले होते’ असे म्हणून बोट सेविकेकडे वळवता येते.

वेळेपासून सुरुवात करू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हाच तिच्यात सहा सेवा होत्या: पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांसाठी पोषण व आरोग्य शिक्षण, आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. म्हणजे शिकवणे हे सहातले एक काम, आणि या सहांतले हे एकच असे की जे आज केले नाही तर उद्या कोणी विचारत नाही. आहार वाटला नाही तर गावात बोंब होते. वजन-उंचीची नोंद राहिली तर प्रकल्प कार्यालयातून फोन येतो. लसीकरणाच्या दिवशी लाभार्थी जमले नाहीत तर आरोग्य खाते विचारते. गोष्ट सांगायची राहिली, तर चार वर्षांचे मूल तक्रार करत नाही. २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे अॅप आले आणि नोंदींचा भार रजिस्टरांतून मोबाइलवर गेला, पण अनेक ठिकाणी रजिस्टरे काही सुटली नाहीत. घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा मोबाइलवर ओळखून घेणे जुलै २०२५ पासून सक्तीचे झाले. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरून घ्यायचे कामही सेविकांकडे आले, अर्जामागे ५० रुपये या दराने. शिवाय गरोदर आणि स्तनदा मातांकडच्या गृहभेटी, कुपोषित मुलांचा पाठपुरावा आणि महिन्याच्या बैठका आहेतच. या सगळ्यानंतर ‘पोषण भी पढाई भी’ सांगते की रोज किमान दोन तास दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण द्यावे. अपेक्षा रास्त आहे. ते दोन तास दिवसातल्या कोणत्या कामातून काढायचे, हे मात्र कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नाही.

वेळ हाच मुद्दा कळीचा आहे, असे मी म्हणतो ते तर्काने नव्हे. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांवर एक प्रयोग झाला. अलेहांद्रो गानिमियान, कार्तिक मुरलीधरन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आहे. चिठ्ठ्या टाकाव्या तशा यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या निम्म्या अंगणवाड्यांत फक्त एक बदल केला: पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक जास्तीची कार्यकर्ती दिली. ती स्थानिक बाई होती. बालशिक्षणाची पदविका ही तिच्या नेमणुकीची अट नव्हती. दीड वर्षाने पाहिले तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता, आणि मुलांची गणितातली व भाषेतली प्रगती बाकीच्या अंगणवाड्यांतल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती: गणितात प्रमाण विचलनाच्या ०.२९ पट, भाषेत ०.४६ पट. शिक्षणातल्या प्रयोगांत असे आकडे क्वचित मिळतात. याहून लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की मूळच्या सेविकेचा मोकळा झालेला वेळ आरोग्य-पोषणाच्या आणि नोंदींच्या कामाकडे वळला, आणि अंगणवाडीत टिकून राहिलेल्या मुलांमध्ये खुजेपणाचे व तीव्र कुपोषणाचे प्रमाण घटले. शिकवणे आणि पोषण यांत ओढाताण असते, एकाला दिले की दुसऱ्याचे कमी होते, हा समज या प्रयोगाने मोडीत काढला. दोन्ही कामे एकाच बाईच्या अंगावर टाकली तरच ती ओढाताण होते. खर्चाचा हिशेबही संशोधकांनी मांडला आहे: या मुलांच्या भावी कमाईत होणारी अपेक्षित वाढ खर्चाच्या दहापटीहून जास्त भरते. भावी कमाईचे अंदाज मी नेहमी थोडे सावधपणे घेतो, पण तो अंदाज निम्म्याने चुकला तरी सौदा स्वस्तच राहतो.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. जास्तीची कार्यकर्ती दिली आणि तिने तो वेळ पाटीवर अक्षरे गिरवून घेण्यात घालवला, तर काय मिळवले? हा आक्षेप पोकळ नाही. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठातले बालशिक्षण केंद्र आणि असर केंद्र यांनी आसाम, राजस्थान आणि तेलंगणात सुमारे १४ हजार मुलांचा चार वर्षांच्या वयापासून आठव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. पाचव्या वर्षी बहुतेक मुलांची शाळेसाठीची तयारी कमी पडत होती. अंगणवाड्यांत शिकण्याच्या कृती फारच कमी होत्या, आणि खासगी बालवाड्यांत जे चालले होते ते पहिलीचे वाचन-लेखन-गणित दोन वर्षे आधी आणून बसवणे होते. दोन्हीकडे मुलांच्या वयाला साजेसे असे थोडेच. म्हणजे वेळ दिला की सगळे आपोआप होते, असे म्हणण्याची सोय मलाही नाही. दोन तासांत काय करायचे हे कळावेच लागते. मुक्त खेळातून मोजणी कशी पुढे न्यायची, गोष्ट सांगताना कुठे थांबून प्रश्न विचारायचा, घरात वारली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला मराठीत आणताना त्याची भाषा कशी टिकवायची, या गोष्टी जन्मजात मायेने येत नाहीत. ‘बाई आहे, तिला मुले सांभाळता येतातच’ या समजुतीनेच तर बालशिक्षणाचे मोल आपल्याकडे इतके खाली राहिले आहे. तेव्हा प्रशिक्षण नको, असे या लेखाचे म्हणणे नाही. कोणते प्रशिक्षण, आणि ते कशाच्या पाठीवर, एवढाच वाद आहे.

याबाबतचा पुरावा एकसुरी नाही, म्हणून तो दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. घानात २४० शाळांमध्ये बालवाडीच्या शिक्षकांना प्रशिक्षण देऊन पाहिले. प्रशिक्षणाचे दिवस मोजकेच होते, पण ते वर्षात टप्प्याटप्प्याने वाटलेले होते, आणि मधल्या काळात प्रशिक्षक वर्गात येऊन बसत, शिकवणे पाहत आणि त्यावर शिक्षकाशी बोलत. शिक्षकांची पद्धत बदलली, मुलांची शाळेसाठीची तयारी सुधारली, शिक्षकांचा कामाचा शीणही कमी झाला. उलट चिलीत ‘उन बुएन कोमिएन्सो’ या दोन वर्षांच्या कार्यक्रमात वर्गातले वातावरण आणि शिकवण्याची पद्धत सुधारली, तरी मुलांच्या भाषेत व्हायला हवा होता तेवढा फरक पडला नाही. का पडला नाही, याचा शोध घेताना एक धागा हाती लागला: फायदा प्रामुख्याने त्या मुलांना झाला ज्यांची नियमित येण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे पुन्हा वेळच. शिक्षिका कितीही तयार झाली, तरी तिचा आणि मुलाचा एकत्र वेळच थोडा असेल, तर तिची तयारी मुलापर्यंत पोचत नाही. अंगणवाडीला हे लावून पाहा. तिथे मूलही अनियमित असते आणि बाईही, कारण बाई बैठकीला, सर्वेक्षणाला किंवा शिबिराला गेलेली असते. घाना आणि चिली ही उदाहरणे प्रशिक्षणाच्या बाजूचीच आहेत. पण दोन्हींतून निघते ते हेच की वर्गात येऊन केलेले, पुन्हा पुन्हा परतणारे मार्गदर्शन उपयोगी पडते, आणि तेही मुलाबरोबरचा वेळ शाबूत असेल तरच.

आता आपल्याकडच्या पद्धतीकडे पाहू. राष्ट्रीय पातळीवरची संस्था राज्यातल्या मुख्य प्रशिक्षकांना दोन दिवस तयार करते. हे मुख्य प्रशिक्षक म्हणजे बहुधा प्रकल्प अधिकारी, पर्यवेक्षिका आणि समन्वयक. ते खाली येऊन सेविकांना तीन दिवस सांगतात. देवळातला प्रसाद हातोहात रांगेच्या शेवटापर्यंत जाताना जसा चिमूटभर उरतो, तसे या साखळीत ज्ञानाचे होते. ज्याने स्वतः कधी तीस मुलांपुढे गोष्ट सांगितलेली नाही, त्याने दोन दिवसांत ऐकलेली गोष्ट सांगण्याची कला तिसऱ्या माणसाला शिकवायची! तिसऱ्या दिवशी छायाचित्र निघते, उपस्थितीपत्रकावर सह्या होतात, आणि ‘प्रशिक्षित सेविका’ या रकान्यात आकडा चढतो. त्यानंतर सेविका गावी परतल्यावर काय करते हे पाहायला कोणी जाते का, आणि गेले तर काय पाहते, हा प्रश्न रकान्यात बसत नाही. मोबाइलवरून प्रशिक्षण देण्याची कल्पनाही याच घडणीची आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते, कारण ते बंद पडत, अॅपचा भार त्यांना पेलत नसे आणि अॅप इंग्रजीत होते. त्याच साधनावर वर्षभराची पदविका टाकायची, तर किमान तेवढा धडा तरी घ्यायला हवा होता.

इथे प्रशासनाचा एक प्रतिवाद येतो, आणि त्याचे उत्तर टाळता येणार नाही. राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. प्रत्येकीत जाऊन बसणारा मार्गदर्शक आणायचा कुठून? छोट्या प्रयोगात जमते ते एवढ्या पसाऱ्यात जमत नाही. संशोधन या शंकेच्या बाजूने आहे. शिक्षकांना वर्गात येऊन मार्गदर्शन करण्यावरच्या ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये घेतला. अशा मार्गदर्शनाने शिकवण्याची पद्धत खूपच सुधारते आणि मुलांची प्रगतीही काहीशी वाढते, असे त्यांना दिसले. पण शंभराहून अधिक शिक्षकांच्या कार्यक्रमांत परिणाम जवळपास निम्म्यावर येत होता. कारण सरळ आहे: चांगले मार्गदर्शक मुबलक नसतात, आणि कार्यक्रम वाढला की त्यांची निवड सैल होते. यावरून प्रशासनाने काढलेला निष्कर्ष असा की मार्गदर्शन परवडत नाही, तेव्हा तीन दिवसांचे शिबिरच बरे. माझ्या मते निष्कर्ष नेमका उलटा निघायला हवा. मार्गदर्शक घडवणे हीच सर्वांत अवघड पायरी आहे, तर पैसा, वेळ आणि हुशारी त्या पायरीवर लावायला हवी. आणि त्यासाठी नवी फौज उभारायची गरज नाही. ती माणसे यंत्रणेत आहेत; त्यांना आपण दुसऱ्याच कामाला जुंपले आहे.

ती माणसे म्हणजे मुख्य सेविका, पर्यवेक्षिका. एका बीटमध्ये साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्या, आणि त्या सगळ्यांत महिन्याभरात फिरणारी ही एकच व्यक्ती. बालशिक्षणाच्या क्षेत्रात ‘नेतृत्वविकास’ असे काही म्हणायचे असेल तर तो इथे व्हायला हवा. आयुक्तालयात नव्हे, आणि पंचतारांकित कार्यशाळेत तर अजिबात नव्हे. पण पर्यवेक्षिकेची भेट म्हणजे व्यवहारात काय असते? आहाराचा साठा जुळतो का, ट्रॅकरमध्ये किती मुलांची वजने भरली, रजिस्टर अद्ययावत आहे का, आधार जोडणी किती राहिली. हे पाहून होईपर्यंत पुढच्या गावची वेळ होते. मुलांकडे तिने पाहिलेच तर ती किती आली आहेत हे मोजण्यापुरते. याचा दोष पर्यवेक्षिकेला देणे सोपे आहे आणि चुकीचेही. तिच्या वरिष्ठाकडून तिला महिनाअखेरीस विचारले जाते ते आकड्यांबद्दल. ‘तुमच्या बीटमधल्या कोणत्या अंगणवाडीत गोष्ट चांगली सांगतात, आणि ती सेविका बाकीच्यांना कशी दाखवता येईल?’ असा प्रश्न एखाद्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर आला, तर ती बातमी होईल. त्यात रिक्त पदे. एकीकडे दोन-दोन बीटांचा अतिरिक्त कार्यभार आणि दुसरीकडे ‘गुणवत्तापूर्ण पर्यवेक्षण’ अशी अपेक्षा.

गंमत अशी की या प्रश्नाचे निम्मे उत्तर सरकारच्याच कागदात आहे. ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’च्या २०२२ मधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यवेक्षिकांची निम्मी पदे पाच वर्षे अनुभव असलेल्या सेविकांमधून भरायची आहेत, आणि सेविकांची निम्मी पदे मदतनिसांमधून. ही तरतूद मला सगळ्या प्रशिक्षण मोहिमांहून मोलाची वाटते. ज्या बाईने स्वतः मुलांसोबत वर्षे काढली, जिला पाठीवर पोते घेऊन आहार आणण्याचे कष्ट माहीत आहेत आणि रडणारे मूल कसे रमवायचे तेही, ती पर्यवेक्षिका झाली तर तिच्या शब्दाला वर्गात वजन असते. पण बढती मिळताच तिच्या हाती पुन्हा तेच डॅशबोर्ड द्यायचे असतील, तर तिचा अनुभव आपण बढतीच्या आदेशाबरोबर फाइलला लावून टाकतो. बढतीने आलेल्या पर्यवेक्षिकांना वर्षभर नीट तयार करा: दुसऱ्याचे शिकवणे शांतपणे पाहायचे कसे, चूक न दाखवता पुढची पायरी कशी सुचवायची, एका सेविकेची युक्ती दुसरीपर्यंत कशी न्यायची. आणि मग त्यांच्या कामाच्या निम्म्या दिवसांत रजिस्टर उघडायला मनाई करा. लाखभर सेविकांना तीन दिवस बसवण्यापेक्षा काही हजार पर्यवेक्षिकांना वर्षभर घडवणे मला अधिक मोलाचे वाटते, आणि पुढचा खर्च कशावर करावा हेही मग त्याच सांगू शकतील.

हे स्वप्नाळू आहे असे ज्यांना वाटते त्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास काढून पाहावा. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि बालशिक्षण ताराबाईंच्या शेजारी राहून, वारली मुलांबरोबर रोज काम करत शिकल्या. तिथे प्रशिक्षण हे बालवाडीपासून वेगळे नव्हते. शिकणारी बाई मुलांमध्ये असे आणि तिला पाहणारी अनुभवी बाई तिच्याजवळ. मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्या, गुरे राखायला जाते तर कुरणात न्या, ही युक्ती कुठल्या प्रशिक्षण पुस्तिकेतून आली नाही. रोज मुलांसमोर असलेल्या आणि त्यावर विचार करायला सवड असलेल्या माणसांना ती सुचली. ‘ते ध्येयवादी लोक होते, ते दिवस गेले’ असे यावर हमखास ऐकू येते. पण मी इथे ताराबाईंचा ध्येयवाद मागतच नाही. ध्येयवाद मागणे हा सरकारांचा आवडता मार्ग आहे, कारण त्याला तरतूद लागत नाही. मी मागतो आहे ती त्यांची रचना: शिकणारीजवळ अनुभवी माणूस आणि कामात विचाराला जागा. या दोन्ही गोष्टी पगार देऊन विकत घेता येतात. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या नगरपालिकेच्या बालशाळांत शिक्षिकेच्या ३६ तासांच्या आठवड्यातले सहा तास मुलांशिवायच्या कामासाठी, म्हणजे नोंदी, चर्चा, तयारी आणि पालकभेटींसाठी राखलेले असतात, आणि हे तास पगारात धरलेले असतात. जगभरातून लोक त्या शाळा पाहायला जातात, तिथल्या भिंतींवरच्या चित्रांचे फोटो काढून आणतात, आणि ते सहा तास तिथेच विसरून येतात.

पगाराचा विषय निघाला की शेवटचा आणि सर्वांत जुना आक्षेप येतो. सेविका मानसेवी आहेत, दिवसातले काही तास काम करतात, मानधन घेतात. त्यांच्याकडून व्यावसायिक शिक्षकाची अपेक्षा करायची आणि त्या बदल्यात शिक्षकाचा दर्जाही मागायचा, हे तिजोरीला परवडणारे नाही. पहिली गोष्ट, ही अपेक्षा सेविकांनी केलेली नाही. ती राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने केली आहे. तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा असे जाहीर करायचे आणि त्या टप्प्याच्या पहिल्या तीन वर्षांची शिक्षिका मात्र स्वयंसेविका ठेवायची, ही विसंगती धोरणकर्त्यांची आहे. दुसरी गोष्ट, सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन मगनभाई भारिया प्रकरणात स्पष्ट केले की सेविका-मदतनीस उपदान कायद्याच्या कक्षेत येतात, त्यांचे मानधन हे वेतनच आहे, आणि अंगणवाड्या अन्नसुरक्षा कायद्याखालची वैधानिक कामे करतात. म्हणजे ‘मानसेवी’ या शब्दामागे लपण्याची जागा कायद्याने कधीच कमी केली आहे. तरीही केंद्राच्या हिश्श्याचे मानधन ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेला ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये एवढेच राहिले आहे. राज्ये त्यात आपापली भर घालतात. महाराष्ट्रात ४ डिसेंबर २०२३ पासून सेविका-मदतनिसांचा संप सात आठवड्यांहून अधिक चालला. त्या संपाच्या मागण्यांत मानधन होते, निवृत्तिवेतन होते, उपदान होते. बालशिक्षणाच्या परिषदांत हे विषय ‘कामगार प्रश्न’ म्हणून बाजूला ठेवले जातात, आणि ‘क्षमताबांधणी’वर सत्रे होतात. चांगली, शिकलेली तरुण बाई या कामात येईल का आणि आली तर टिकेल का, हा प्रश्न क्षमताबांधणीचा नाही, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी माझा मतभेद मूलभूत आहे.

दर्जाचा संबंध शिकवण्याशीही थेट आहे. घानाच्या त्याच प्रयोगात एक चक्रावून टाकणारी गोष्ट आढळली: जिथे शिक्षकांच्या प्रशिक्षणाबरोबर पालकांच्या जाणीवजागृतीच्या सभाही घेतल्या, तिथे मुलांना झालेला फायदा पुसला गेला. कारणांबद्दल अंदाजच करता येतात; पण खेळातून शिकणे आणि पालकांची शिक्षणाबद्दलची कल्पना यांत तिढा असतो, हे कोणत्याही सेविकेला पटेल. तिने तीन दिवसांत शिकून येऊन मणी, ठोकळे, बडबडगीते सुरू केली, की एखादी आई विचारते, ‘नुसते खेळवताच का? शेजारच्या गावात व्हॅन येते, तिथे मुले ए-बी-सी-डी म्हणतात.’ तेव्हा स्वयंसेविका म्हणवली जाणारी, महिन्याचे मानधन रखडले तर दुकानदारापुढे अवघडणारी बाई काय करणार? ती पाटी काढते. प्रमाणपत्राचा कागद तिला त्या क्षणी काही उपयोगाचा नसतो. तिला बाजू घेणारी पर्यवेक्षिका लागते, गावात शिक्षिका म्हणून मान लागतो, आणि सहा महिन्यांनी मूल काय करू लागले हे आईला दाखवण्याइतका अवधी लागतो.

म्हणून राज्य सरकारपुढे मागणी अशी असावी. प्रत्येक पूर्ण अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी अर्धवेळ दुसरी कार्यकर्ती द्या. सगळीकडे एकदम नको, आदिवासी प्रकल्पांपासून आणि ज्या मिनी अंगणवाड्यांना नुकताच पूर्ण अंगणवाडीचा दर्जा मिळाला तिथून सुरुवात करा, आणि तमिळनाडूसारखी शिस्तीने मोजणी करा, म्हणजे पैसा वाया जातो आहे की नाही हे अंदाजावर राहणार नाही. पर्यवेक्षिकांची रिक्त पदे बढतीच्या कोट्यातून भरा आणि त्यांना वर्गात बसण्यासाठी ठरलेले, नोंदींपासून मुक्त असे दिवस द्या. शिक्षणाच्या दोन तासांत सेविकेला बैठक, सर्वेक्षण किंवा कोणत्याही खात्याचे अर्ज देऊ नयेत, असा शासन निर्णय काढा आणि तो मोडणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारा. हे झाल्यावर प्रशिक्षण खुशाल द्या, सहा महिन्यांचे नव्हे तर दोन वर्षांचे द्या. सेविका ते आनंदाने घेतील. तोवर पुढच्या अर्थसंकल्पात सेविकांच्या प्रशिक्षणासाठी किती तरतूद झाली हे वाचताना त्याच पानावर दुसऱ्या कार्यकर्तीसाठी किती झाली, तेही वाचकांनी जरूर शोधून पाहावे.